शेक नाही म्हणजे उपचार नाही, असं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

४ फेब्रुवारीच्या जागतिक कर्करोग दिनाची आपली पुरवणी वाचली. तंबाखू, स्तन, गर्भाशयाचं तोंड, सगळ्यावर लिहिलंय आणि चांगलं लिहिलंय. वृषणाच्या कॅन्सरवर मात्र एक ओळ नाही. हा आजार कमी जणांना होतो हे खरं, पण होतो तो ऐन उमेदीतल्या पोरांना. आणि लाजेपायी त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. १९९८ साली माझी उजवी गोटी काढली. चीर जांघेत देतात, त्यामुळं गावात हर्निया म्हणून खपलं. काहींना अजून तेच माहीत आहे. गाठीची जात सेमिनोमा निघाली. पोटात पसरल्याचं दिसत नव्हतं, तरी मिरजेला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागला. ही जात शेकापुढं टिकत नाही. आणि पेशी निसटल्याच तर त्या आधी जातात पोटाच्या मागच्या अंगाला, मोठ्या रक्तवाहिनीलगतच्या लसिकाग्रंथींत. म्हणून शेक पोटावर. कोबाल्टचं मशीन, कातडीवर शाईच्या खुणा, राहिलेल्या गोटीवर शिशाचं झाकण. मळमळ एवढी की आमच्याच डेपोच्या गाडीत मी मागच्या सीटवर पिशवी धरून बसायचो आणि जोडीदार कंडक्टर माझ्याकडं न बघता तिकिटं फाडायचा. त्या काळी हीच रीत होती, माझी काही तक्रार नाही.

गेल्या वर्षी पुतण्याला तेच निघालं. एकतीस वर्षांचा, लग्न व्हायचंय, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग बघतो. गोटी काढली, सीटी स्कॅनमध्ये काही नाही, रक्तातले ट्यूमर मार्कर (कॅन्सरची खूण दाखवणारे घटक) नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आता काही द्यायचं नाही, लक्ष ठेवायचं. झालं, घरात कल्लोळ! वहिनी म्हणाल्या, "भावजींना शेक दिला, आणि माझ्या पोराला नुसतं घरी जा म्हणत्यात व्हय? पैसा नाही बघून?" एक पाहुणे दुसरं हॉस्पिटल गाठायला निघाले, खर्च आम्ही घालतो म्हणाले. सगळ्यांच्या हातात पुरावा एकच होता, तो म्हणजे मी.

त्या डॉक्टरांचे उपकार, त्यांनी वहिनींना आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या सेमिनोमात शंभरांतल्या ऐंशी-पंच्याऐंशी जणांचा आजार ऑपरेशनलाच संपतो. सरसकट शेक दिला तर एवढ्या लोकांना तो फुकट बसतो. राहिलेल्या पंधरा-वीस जणांत आजार परत येतो, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. वेळेत सापडला तर शेकानं किंवा केमोनं जवळपास सगळे बरे होतात. युवराज सिंगची गाठ छातीत होती, पण जात हीच. २०१२ साली अमेरिकेत केमो घेऊन त्याच वर्षी तो पुन्हा भारताकडून खेळला. वहिनींना क्रिकेट कळत नाही, पण युवराज कळतो.

शेकाचं देणं मात्र उशिरा निघतं. दहा-वीस वर्षांनी पोट, स्वादुपिंड, मूत्राशय अशा ठिकाणी दुसरा कॅन्सर होण्याचा धोका थोडा वाढतो. साठीतल्या माणसाचं एक वेळ ठीक, पण एकतीस वर्षांच्या पोरापुढं अजून सगळं आयुष्य आहे. मधला एक मार्गही आहे, कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा एकच डोस. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, जवळपास दीड हजार रुग्णांत, तो शेकाच्या बरोबरीनं उतरला. शेकही आता पूर्वीएवढा राहिलेला नाही. ३० ग्रेच्या (ग्रे म्हणजे शेक मोजायचं माप) जागी २० ग्रे, दहा दिवसांत विभागून. मार्ग कुठलाही धरला तरी शेवटी वाचणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच.

पण लक्ष ठेवणं म्हणजे घरी बसणं नव्हे, आणि इथंच आमच्या भागाची खरी अडचण आहे. ठरलेल्या महिन्यांनी रक्त, पोटाचा स्कॅन, पाच वर्षं. आजार दुखत नाही, माणूस धडधाकट दिसतो, त्यात ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत स्कॅनची तारीख आली की बाग सोडून मिरजेला कोण जाणार? पुतण्यानं एकदा फोन करून तारीख पुढं ढकलायचा घाट घातलाच होता. मी त्याला मोटरसायकलवर घालून नेला. स्कॅनचे पैसे खिशातून गेले ते वेगळंच. म्हणून माझं मत असं की डॉक्टरांनी गाठ किती सेंटिमीटर हे जसं बघावं (चारच्या पुढं गेली की परत येण्याचा धोका वाढतो म्हणतात), तसं हा माणूस पाच वर्षं येणार का, हेही विचारावं. जत-आटपाडीकडचा गडी ऊसतोडीला गेला की सहा-सहा महिने गाव बघत नाही. त्याला "लक्ष ठेवू" म्हणून सोडून देण्यापेक्षा एक डोस किंवा शेक देऊन मोकळं करणं शहाणपणाचं असेल. तिन्ही वाटा नातेवाइकांसमोर मराठीत मांडाव्यात आणि तारखा कागदावर लिहून द्याव्यात.

लग्नाचं विचाराल तर, एक गोटी चांगली असली की बहुतेकांना मूलबाळ होतं. तरी शेक किंवा केमोचा विषय निघाला तर वीर्य गोठवून ठेवण्याचं आधी विचारावं. लाजून गप्प बसू नये, पोरीकडच्यांनीही आणि पोरानंही.

आणि माझ्यासारखे जुने शेक घेतलेले लोक जिल्ह्यात बरेच असतील. त्यांनी ती फाईल रद्दीत घालू नये. किती ग्रे आणि कुठल्या भागावर, हे त्यात असतं. उद्या पोटाची तक्रार घेऊन नव्या डॉक्टरांकडं गेलात तर शेकाचं पहिल्यांदा सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, ता. तासगाव, जि. सांगली
(पुतण्याच्या सोयरिकीचं चाललंय, कृपया नाव छापू नये.)