पट्ट्यात न सापडणारा रक्तदाब: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीची फाइल समोर ठेवून हे पत्र लिहिते आहे. दोन वर्षांत तिचं बीपी अकरा वेळा तपासलं गेलं आणि अकराही वेळा नॉर्मल आलं. एका पानावर तर 'बीपी उत्तम' असं लिहून खाली रेघ मारलेली आहे. त्याच दोन वर्षांत ताई एक मजला चढताना मधे दोनदा थांबू लागली होती. तिला दमा असेल म्हणून पंप दिला गेला. मग वजन कमी करा म्हणून सांगितलं, मग रक्त वाढवण्याच्या गोळ्या आणि शेवटी मन शांत ठेवण्याचा सल्ला. एके दिवशी ती जिन्यातच बेशुद्ध पडली, तेव्हा कुठे एका तरुण डॉक्टरने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला.

तिच्या हातातलं बीपी खरोखरच उत्तम होतं. वाढलेला होता तो फुप्फुसांतला रक्तदाब, आणि तो हाताला पट्टा बांधून कळत नाही.

हृदयाची डावी बाजू सगळ्या शरीराला रक्त पुरवते. उजव्या बाजूला ते फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत पोचवायचं असतं, तेही रुंद, मऊ वाहिन्यांतून. म्हणून तिथला दाब मुळातच कमी असतो. निरोगी माणूस स्वस्थ पडलेला असताना तो सरासरी १४ मिलिमीटर पारा भरतो. २० च्या वर गेला की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. वाहिन्या अरुंद, कडक किंवा बंद होत गेल्या की उजव्या कप्प्याच्या पातळ भिंतीवर ताण येतो. ती आधी जाड होते, मग ताणून फुगते आणि अखेर थकते. पायांवरची सूज आणि चक्कर बहुधा तेव्हा येते, म्हणजे बऱ्याच उशिरा. त्याआधी असते ती फक्त चालताना, चढताना लागणारी धाप. डॉक्टरांसमोर मात्र रुग्ण खुर्चीत बसलेला असतो, नळी लावली तर छातीही बहुतेकदा साफ वाजते. चूक कुठे होते ते मला इथेच दिसतं. धाप चालताना लागते आणि तपासणी बसवून होते.

हा दुर्मीळ आजार आहे, असं आम्हालाही सांगितलं गेलं. त्याचा एक प्रकार, फुप्फुसांच्या धमन्यांचा स्वतःचा आजार, दुर्मीळ आहेच. पण सगळे प्रकार धरले तर जगातल्या साधारण १ टक्का लोकांना तो असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. सर्वाधिक रुग्ण डाव्या हृदयाच्या आजारातून येतात, त्याखालोखाल फुप्फुसांच्या जुनाट विकारांतून. शिवाय हृदयाला जन्मतः असलेलं आणि वेळेत न बुजवलेलं छिद्र, स्क्लेरोडर्मा हा त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार, एचआयव्ही अशी कारणं आहेतच. कारण बदललं की उपचारही बदलतात. एका प्रकारचं औषध दुसऱ्यात अपायही करू शकतं. म्हणून नुसतं नाव सापडून भागत नाही, प्रकार शोधावा लागतो.

ताईचा प्रकार होता जुन्या गुठळ्यांचा. बाळंतपणानंतर तिच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. तिचे तुकडे फुप्फुसांत जाऊन अडकले, विरघळले नाहीत आणि वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून घट्ट झाले. हाच प्रकार असा आहे की ज्यात शस्त्रक्रियेने त्या गुठळ्या खरवडून काढून अनेक रुग्णांचा दाब जवळजवळ पूर्ववत आणता येतो. आणि फुप्फुसांतला हवेचा व रक्ताचा प्रवाह शेजारी शेजारी दाखवणारा व्हीक्यू स्कॅन केलाच नाही, तर नेमका हाच निसटतो. ताईची शस्त्रक्रिया झाली. आज ती जिना न थांबता चढते. पण गेलेल्या दोन वर्षांचा मला राग आहे आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

सरकारांनी लक्ष घातलं की काय होतं, याचा दाखला या आजाराच्याच इतिहासात आहे. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियात भूक मारणारी अॅमिनोरेक्स ही गोळी विकली जात होती. ती घेणाऱ्यांत हा आजार अचानक वाढला. गोळी बाजारातून काढली गेली आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात या आजारावर पहिली बैठक बोलावली. त्यानंतर १९९५ मध्ये एपोप्रोस्टेनॉल, २००१ मध्ये बोसेंटन, २०२४ मध्ये सोटाटरसेप्ट अशी एकेक औषधं मंजूर होत गेली. औषधांनी एवढी वाटचाल केली, पण रुग्ण त्यांच्यापर्यंत पोचायला आजही उशीर होतो.

माझं मागणं मोठ्या इस्पितळाचं नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला आपल्या खात्याकडून एक लेखी सूचना जावी: धाप लागते आणि कारण सापडत नाही, अशा रुग्णाला नुसतं बीपी बघून घरी पाठवू नका, इकोसाठी पाठवा. ज्याला पूर्वी गुठळी झाली होती, त्याचा व्हीक्यू स्कॅनही करा. गरोदर बाईची धाप 'या दिवसांत असं होतंच' म्हणून सोडून देऊ नका, कारण हा आजार असेल तर गरोदरपण तिच्या जिवावर बेतू शकतं. इको हा अंदाज असतो, पक्कं निदान हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालूनच होतं, हे मला ठाऊक आहे. पण पहिली पायरीच नसेल तर तिथवर कोण पोचणार?

आपण वेळ दिलीत तर ताई आणि मी ही फाइल घेऊन येऊ. त्यातल्या अकरा नोंदी आपण स्वतः वाचाव्यात, एवढीच विनंती.

आपली,
एका रुग्णाची धाकटी बहीण