भाडेकराराचा मसुदा गोव्याचा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घर भाड्याने देताना करार करायचा तर आता कोणी कोऱ्या कागदावर लिहीत बसत नाही. गूगल डॉक्समध्ये तयार नमुना उघडायचा, नाव-पत्ता-भाडे बदलायचे, प्रिंट काढून नोटरीकडे न्यायचे, असा रिवाज पडला आहे. म्हापशात नोटरीच्या कार्यालयात टंकलेखनाचे काम करत असल्याने असे कागद माझ्या हातून रोज जातात. ऑनलाइन मसुदा करण्याला माझा विरोध नाही, ती सोय फार चांगली आहे. पण हे नमुने बहुतेक पुण्या-मुंबईचे असतात आणि त्यातले कलम न कलम तसेच्या तसे गोव्यातल्या घराला चिकटवले जाते.

बार्देशातल्या एका कौलारू घराचा करार नुकताच पाहिला. वीज बिल महावितरणकडे भरावे, सोसायटीचा मेंटेनन्स भाडेकरूने द्यावा, मिळकतीचा सातबारा सोबत जोडला आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू राहील आणि वाद झाल्यास पुण्याच्या न्यायालयात जावे, असे सगळे त्यात होते. त्या घराला सोसायटी नाही. वीज आपल्याकडे सरकारचे वीज खाते देते. जमिनीचा कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा (आपला सातबाराच म्हणा), शहरात असेल तर नगर भूमापनातला चलता क्रमांक, म्हणजे मिळकतीचा क्रमांक, आणि पी. टी. शीट, म्हणजे ती ज्या नकाशावर आहे तो कागद. भाड्याच्या इमारतींसाठी आपला स्वतंत्र कायदा 1968 पासून आहे आणि त्याखाली दाद मागायची ती भाडे नियंत्रकाकडे. उद्या भांडण झाले तर दोघांनाही उपयोगी पडणारे एकही वाक्य त्या करारात नव्हते. उलट, पावसाळ्याआधी घर कोणी शाकारायचे, गळती लागली तर खर्च कोणाचा, विहिरीचे पाणी आणि पंप कोणी वापरायचा, याविषयी अवाक्षर नव्हते. आपल्याकडची भांडणे तर नेमकी इथेच होतात.

दुसरी गोष्ट मालकाची. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामान्यतः समाईक धरली जाते. बाहेरच्या नमुन्यात मालकासाठी एकच रकाना असतो, म्हणून एकाचेच नाव येते. दोघांची नावे आणि सह्या घेतलेल्या बऱ्या. वडिलोपार्जित घराची वाटणी झालेली नसेल तर बाकीच्या भावा-बहिणींची लेखी संमती किंवा मुखत्यारपत्र आहे का, हे भाडेकरूने आधीच विचारावे. अनामत भरून सामान लावून झाल्यावर दारात दुसरा वाटेकरी उभा राहिला तर कोणाकडे बोट दाखवणार?

मुदतीबद्दलही लोकांच्या मनात गोंधळ आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा उपनिबंधकाकडे नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच आली. पण अकरा महिन्यांच्या नमुन्यात कोणी सरळ ‘तीन वर्षे’ घालतो आणि नोटरीचा शिक्का बसला म्हणजे झाले असे समजतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटीस किती दिवसांची, हेही लिहून ठेवायला हवे. करारात काहीच नसेल तर राहत्या घराची भाडेदारी महिन्या-महिन्याची धरून 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांच्या नोटिशीवर ती संपवता येते. किनारपट्टीवर पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की घर रिकामे करून मागितले जाते, तेव्हा या एका ओळीवाचून भाडेकरूचे काय हाल होतात ते मी पाहिले आहे.

आता ऑनलाइन मसुद्याचा खरा फायदा. पूर्वी भाडेकरूच्या हातात थेट छापील कागद पडायचा आणि मागे नोटरीची रांग असायची. वाचायला वेळ कुठला? तोच मसुदा त्याला दोन दिवस आधी पाठवता येतो. शेअर करताना ‘कमेंटर’ची परवानगी दिली तर मूळ मजकुराला धक्का न लावता तो आपली सूचना प्रत्येक कलमापाशी नोंदवू शकतो, मालक ती मान्य करतो किंवा फेटाळतो. कोणी कधी काय बदलले ते व्हर्जन हिस्टरीत राहते. बांबोळीत नोकरी करणाऱ्या एका परिचारिकेने अशाच मसुद्यात ‘अनामत घर सोडल्यावर परत’ या ओळीपाशी ‘किती दिवसांत?’ एवढेच विचारले होते. मालकांनी तिथे ‘पंधरा दिवसांत’ असे घातले. छापील कागदावर तिने हे विचारले असते असे मला वाटत नाही. दोघांचे ठरले की पीडीएफ करून तीच प्रत छापावी, म्हणजे मागाहून फेरफाराचा संशय नको.

मात्र आधार कार्डाचे फोटो त्याच फाइलमध्ये टाकून ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ती उघडी ठेवू नये. हे सर्रास चालते. एजंटाच्या व्हॉट्सॲप गटातून ती लिंक कुठवर जाते, याचा पत्ता लागत नाही. ओळखपत्रे पोलीस पडताळणीच्या अर्जासोबत वेगळी द्यावीत.

माझी मागणी कायदा खात्याकडे आहे. गोव्याच्या कायद्यांना धरून राहत्या घराच्या भाडेकराराचा एक नमुना तयार करावा आणि तो कोणालाही उतरवून घेऊन बदलता येईल अशा फाइलच्या स्वरूपात संकेतस्थळावर ठेवावा. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणीसोबत मराठीच्याही वापराची तरतूद केली आहे, तेव्हा इंग्रजीबरोबर या दोन्ही भाषांत तो असावा. वेर्णे, कुंडईच्या कारखान्यांत सिंधुदुर्ग, बेळगावहून येणारे कितीतरी कामगार मराठी सहज वाचतात आणि सही मात्र न समजलेल्या इंग्रजी कागदावर करतात. तोवर निदान नोटरी आणि वकील मंडळींनी समोर आलेल्या करारात परराज्याचा कायदा दिसला तर शिक्का मारण्याआधी तो दुरुस्त करून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, म्हापसा