भिंत फक्त बर्लिनमध्ये नव्हती

महोदय,

बर्लिनची भिंत कोसळल्याच्या वर्धापनदिनी आपण छापलेला लेख मनापासून आवडला. तरी एक खंत कळवावीशी वाटते. भिंत म्हटली की आपण बर्लिनपाशीच थांबतो. मी शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा मीही तिथेच थांबत असे. पुढे जर्मनीतल्याच म्योडलारॉइट या खेड्याविषयी वाचनात आलं, आणि तेव्हापासून ते गाव डोक्यातून जात नाही.

जेमतेम पन्नास माणसांची वस्ती. गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, एका ढांगेत ओलांडता येईल एवढाच. १८१० मध्ये या ओढ्याकाठी हद्दीचे दगड रोवले गेले. एका काठावर बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या काठावर रॉइस घराण्याचं छोटं संस्थान. पहिल्या महायुद्धानंतर रॉइसचा भाग थुरिंगिया प्रांतात गेला. गावकऱ्यांना या हद्दीचा फारसा जाच नव्हता. शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, आणि प्रार्थनेला सगळे बव्हेरियातल्या शेजारच्या ट्योपेन गावी जात. सोयरिकी दोन्हीकडे होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर बव्हेरिया अमेरिकेच्या ताब्यात राहिला आणि थुरिंगिया सोव्हिएत फौजांकडे गेला. १९४९ मध्ये दोन जर्मनी झाले, बव्हेरिया पश्चिम जर्मनीत आणि थुरिंगिया पूर्व जर्मनीत, आणि त्यांची सीमा म्हणून हाच ओढा कामी आला. संस्थानिकांच्या काळातली महसुली रेघ दोन महासत्तांच्या मधली रेघ झाली! १९५२ मध्ये पूर्वेकडच्या सरकारने सीमा बंद केली, सीमेलगतच्या हजारो लोकांना घरादारासकट उठवून आत नेलं. म्योडलारॉइटमध्ये आधी फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तारा आणि १९६६ मध्ये ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. अमेरिकन सैनिक या गावाला 'छोटं बर्लिन' म्हणत.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती हात हलवण्याची गोष्ट. बव्हेरियाच्या बाजूचे लोक पलीकडच्या आप्तांना हात करत, पण पूर्वेकडच्यांना उलट हात करायलाही बंदी होती. आपला भाऊ किंवा मावशी हाकेच्या अंतरावर दिसते आहे आणि मान खाली घालून आपलं काम करत राहायचं! ही शिक्षा एका पिढीने जन्मभर भोगली. १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश इथे येऊन भिंत पाहून गेले, पण गावाचं जगणं बदललं ते बर्लिनमधली दारं उघडल्यावरच. ९ डिसेंबर १९८९ रोजी, म्हणजे बर्लिननंतर बरोबर एका महिन्याने, इथे पायी ये-जा सुरू झाली. १७ जून १९९० रोजी भिंत पाडायला यंत्र आलं. तिचा एक तुकडा मुद्दाम राखला आहे आणि तिथे संग्रहालय आहे.

आजही नमस्कार करताना ओढ्याच्या एका काठावर 'ग्र्युस गॉट' म्हणतात, दुसऱ्या काठावर 'गुटन टाग'. पिनकोड वेगळे, टेलिफोनचे कोड वेगळे, महापौरही दोन. पण ही हद्द आता १८१० सारखीच निरुपद्रवी आहे.

पुढच्या नोव्हेंबरच्या अंकात या गावाला अर्धं पान द्यावं, ही कळकळीची विनंती. शाळकरी मुलांना बर्लिनपेक्षा हा एका ढांगेचा ओढा लवकर समजेल, असं मला तीस वर्षांच्या अध्यापनानंतर वाटतं.

— एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा