दत्तूच्या रिपोर्टबद्दल

बेळगाव

प्रिय शिऱ्या,

मी बरा आहे, गुडघा तसाच. तू पाठवलेला दत्तूचा रक्ताचा रिपोर्ट नीट बघितला. त्याला एचआयव्ही, त्यात हे आकडे, राहवेना म्हणून लिहितोय.

हिमोग्लोबिन ६.२, पांढऱ्या पेशी २,४००, प्लेटलेट ७२ हजार. तिन्ही खाली, आणि तू दुकानातल्या लोहाच्या बाटल्या देत बसलास! लोह कमी असतं तर सहसा लाल पेशी बारीक दिसल्या असत्या, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली गेला असता. त्याचा ८९ आहे. शिवाय पांढऱ्या पेशी कशाला उतरतील? लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९०० बघून आता 'लोह भरपूर' म्हणू नकोस, अंगात दाह असला की ते असंच चढतं. नि बाटलीचं काम एवढ्यावर भागत नाही. उपाशीपोटी लोह आणि त्याची एचआयव्हीची गोळी, डोल्यूटेग्राविर, एकत्र घेतलं की गोळी पोटात अडकते, रक्तात नीट उतरत नाही. गोळी लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर, नाहीतर दोन्ही जेवणाबरोबर. तो कधी घेत होता ते वहिनींना विचार, दत्तू खोटंच सांगेल. (हॉस्टेलवरचा कुंदाही त्यानंच संपवला होता, माझं नाव उगाच घेतलंत.)

झिडोव्हुडिनवर, म्हणजे त्याच्या जुन्या एचआयव्हीच्या औषधावर, बिल फाडता येत नाही. ते चालू होतं तेव्हा एमसीव्ही ११० ला असायचा, गोळ्या चुकवत नाही हे त्यावरूनच कळायचं. आता तो टीएलडीवर आहे, म्हणजे डोल्यूटेग्राविर असलेल्या तीन औषधांच्या एका गोळीवर. रोजची सेप्ट्रान (संसर्ग टाळायची गोळी) फोलेट या जीवनसत्त्वाच्या आड येते खरी, पण त्या डोसला एकटी एवढी पडझड क्वचितच करते. आपल्या मनानं बंद करू नका.

रेटिक्युलोसाइट (कोवळ्या लाल पेशी) ०.४ टक्के, म्हणजे हाडातली मज्जा नव्या पेशी सोडतच नाहीये. नुसत्या लाल पेशी थांबल्या असत्या तर मी पार्वोव्हायरस बी१९ म्हटलं असतं. इथं तिन्ही थांबल्यात, त्यात संध्याकाळचा ताप, वाढलेली प्लीहा, उतरलेलं वजन. मला पहिला संशय मज्जेतल्या टीबीचा. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी आणि लिम्फोमा हा कर्करोग पाठोपाठ. मानेत गाठ लागली तर आधी तिचा नमुना, ते सोपं. नाहीतर मज्जेचा.

कण्यात सुई घालत नाहीत, वहिनींना सांग. कमरेमागं, कुल्ल्याच्या वर हाताला लागतं ते हाड. लिग्नोकेननं कातडी आणि हाडावरचं आवरण बधिर होतं. मज्जा ओढताना मात्र क्षणभर कळ येते, ती चुकत नाही. पहिला ओढा पाव-अर्धा मिलीचाच, स्लाइडसाठी. जास्त ओढलं की रक्त मिसळतं आणि वाचणारा शिव्या घालतो. कल्चरचा नमुना निराळा, फॉर्मॅलिन न लावता, नाहीतर जंतू मरतात. एचआयव्हीत मज्जेतलं रेटिक्युलिन (बारीक तंतू) पुष्कळदा वाढलेलं असतं, कधी सुई कोरडीच येते. मग दीड-दोन सेंटिमीटरचा बायोप्सीचा तुकडाच उपयोगी. ७२ हजार प्लेटलेट आड येत नाहीत. नंतर जागा दाबून धरायची, त्यावरच उताणं झोपवायचं. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. स्लाइडवर काही दिसलं तर डॉक्टर तेवढे थांबणार नाहीत.

टीबीच निघाला तर त्यावरचं रिफाम्पिसिन रक्तातलं डोल्यूटेग्राविर उतरवतं, म्हणून १२ तासांनी ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते. ती तुझ्याकडे ठेव, संध्याकाळी दुकानात बोलावून दे.

पिंकीचा निकाल कळला, शाब्बास म्हण. दुकानाचं छप्पर पावसाआधी बघ. मिरजेला न्यायचं का बेळगावला, यावर भांडू नकोस, जिथं आधी नंबर लागेल तिथं. जुने रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि कन्नडमधला डिस्चार्जचा कागद, सगळं मूळ आण. झेरॉक्सवर आकडे दिसत नाहीत.

तुझा,
बाळ्या