पार्किंगमधला ऑइलचा डाग, पाचशेचा दंड आणि जाळीजवळ मारलेलं पाणी

मा. अध्यक्ष काका,
स. न. वि. वि.

काल संध्याकाळी वॉचमनने नोटीस हातात ठेवली, "कॉमन पार्किंगमध्ये गाडीची कामे करून ऑइल सांडल्याबद्दल रु. ५०० दंड". ग्रुपवर फोटोही पडलाय आणि त्याखाली सतरा अंगठे. ग्रुपवर भांडत बसण्यापेक्षा तुम्हालाच सरळ लिहितो, जरा लांबेल, चहा घेऊन वाचा.

आधी जे माझं चुकलं ते. माझ्या स्लॉटमध्ये पुढच्या बाजूला वाटीएवढा डाग आहे तो माझाच. इंजिन ऑइल मी घरीच बदलतो, तेव्हा इंजिनच्या तळाच्या ड्रेन बोल्टमधून जुनं ऑइल नीट ट्रेमध्ये गेलं, पण नंतर ऑइल फिल्टर सैल केला की त्यात साठलेलं भसकन बाहेर येतं आणि ट्रे नेमका चार बोटं मागे राहिला होता. खाली पुठ्ठा आणि पेपर होते, पण आपले पेव्हर ब्लॉक म्हणजे चहातली खारी, पिऊनच टाकतात. त्याबद्दल सॉरी, मनापासून.

पण काका, फोटोत आहे तो डाग माझा नाहीच! तो माझ्यापासून दोन स्लॉट सोडून आहे, परातीएवढा, आणि दर आठवड्याला वाढतोय. कोणाची गाडी ते मी लिहीत नाही, त्यांना बहुतेक माहीतही नसेल की गाडी थेंब थेंब गळतेय. एका रात्री त्या गाडीखाली आणि माझ्या गाडीखाली एकेक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी दोन्ही बघा. एसीचं पाणी पडतं ते सोडून द्या, ते वाळून जातं, ऑइल वाळत नाही.

आता तुम्ही म्हणाल की एवढी गॅरेजं असताना घरी करायचं खूळ कशाला. गेल्या वेळी सर्व्हिसिंगला गाडी देण्याआधी मी ऑइल फिल्टरवर मार्करने तारीख लिहून ठेवली होती, असंच, सवय म्हणून. गाडी परत आली, बिलात नवीन फिल्टर लावलेला, त्याची मजुरी वेगळी, आणि खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारतो तर माझ्याच अक्षरातली तारीख माझ्याकडे बघतेय. फिल्टरच बदलला नाही तर ऑइल खरंच बदललं का हे कोणाला विचारणार? तेव्हापासून नाना पेठेत जायचं, फिल्टर आणि बोल्टचा वॉशर आणायचा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचा ऑइलचा कॅन घ्यायचा आणि रविवारी सकाळी दीड तासात मोकळं व्हायचं. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना बघायचं, नव्या रबराला बोटाने ऑइल लावायचं, फिल्टर हातानेच आवळायचा. गॅरेजमधला पोरगा हे सगळं करतच असेल, पण त्याच्या डोक्यावर मागे अजून सहा गाड्या उभ्या असतात.

मीटिंगमध्ये म्हणे दोन मुद्दे निघाले, गाडी अंगावर पडेल आणि आग लागेल. पहिला एकदम बरोबर आहे, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणं हा निव्वळ मूर्खपणा, म्हणूनच माझ्याकडे उचललेली गाडी टेकवायला दोन जॅक स्टँड आहेत, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना विटा लावतो आणि गाडी हलवून बघितल्याशिवाय डोकं आत घालत नाही. आगीचं म्हणाल तर इंजिन ऑइल म्हणजे पेट्रोल नव्हे, साधारण २०० अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेत नाही. चिंध्या मात्र मी पार्किंगमध्ये टाकून जात नाही, पिशवीत भरून नेतो.

खरं लिहायचं होतं ते आता. नोटीस आली त्याच दिवशी दुपारी हाउसकीपिंगच्या दादांनी दोन्ही डागांवर साबण टाकून पाइपने पाणी मारलं. मी वरून बघत होतो, काळसर फेस सरळ जाळीत गेला. काका, ती जाळी ड्रेनेजची नाही!! ती रेनवॉटर हार्वेस्टिंगच्या पिटची आहे, तिथून पाणी बोअरजवळच्या खड्ड्यात मुरतं आणि तेच बोअरचं पाणी आपण वापरतो. डागापुरतं ऑइल पेव्हरवर होतं तोपर्यंत ते फक्त वाईट दिसत होतं, साबणाने सुटून खाली गेलं की मग ते कोणाच्याच हातात नाही. त्या दादांची चूक नाही, त्यांना धुवा म्हटलं त्यांनी धुतलं. डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकायची, रात्रभर राहू द्यायची, झाडून पिशवीत भरायची, उरलं तर कपडे धुण्याची पावडर टाकून कोरड्या ब्रशने घासायचं आणि तीही झाडूनच उचलायची, धुवायची नाही.

काढलेलं काळं ऑइल, साधारण तीन लिटर, मी त्याच रिकाम्या कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजमध्ये देतो, त्यांच्याकडे बॅरल असतं आणि ते पुढे रिसायकलिंगला जातं. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइलही येतं, त्यामुळे ते गटारात ओतणं किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकणं बसतच नाही. वॉचमनने वाळवीसाठी मागितलं होतं, त्याला नाही म्हणालो. आणि हो, मागच्या पावसाळ्यात कमिटीतल्याच एका काकांनी डबक्यात डासांसाठी टाकायला अर्धा लिटर मागितलं होतं, दिलं नाही म्हणून जरा फुगलेही होते. त्यांना आठवत असेल.

दंडाचं म्हणाल तर हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे आधी कारणे दाखवा नोटीस यायला हवी आणि रक्कम सर्वसाधारण सभा ठरवते, पण पाचशे रुपयांवरून मला कायदा काढायचा नाही. माझ्या डागाचे काय ते लावा, भरतो. सरसकट बंदी मात्र नको, कारण बंदी घातली की लोक रात्री अकरानंतर रस्त्यावर करतील आणि ऑइल कुठे ओततील ते बघायला कोणी नसेल. जनरेटरच्या मागे कोबा केलेली मोकळी जागा आहे, जाळीपासून लांब, तिथे खाली पत्रा टाकून रविवारी ७ ते ९ परवानगी द्या. माझं वर्षातून एकदा असतं, फार तर दोनदा.

या रविवारी सकाळी मी भुशाचं पोतं घेऊन खाली येतोय, माझा डाग काढतो आणि त्या शेजारच्या परातीचाही बघतो, ते नाही म्हणाले नाहीत तर. तोपर्यंत कृपा करून दादांना सांगून ठेवा, त्यावर पाणी मारू नका.

आपला,
बी-४०३