मोबाइलवरच्या आकड्याने बॅटरी बाद ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बॅटरीला जोडून ब्लूटूथने मोबाइलवर व्होल्टेज दाखवणारे छोटे यंत्र हल्ली नाशिकमध्येही अनेक गाड्यांच्या बॉनेटखाली दिसते. माझ्या गाडीतले यंत्र थंडीत रोज सकाळी 12.38 व्होल्ट आणि ‘बॅटरी कमकुवत’ असे दाखवू लागले, तेव्हा शहरातल्या एका गॅरेजने तेवढ्याच आकड्यावरून नवी बॅटरी घ्यायला सांगितले. गाडी मात्र अर्ध्या सेल्फला सुरू होत होती.

सातपूरच्या कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांवर उमेदीची वर्षे घालवलेली असल्याने मला ते पटेना. सकाळी दार उघडले की आतला दिवा लागून आकडा घसरतो, म्हणून रात्रीच बॉनेट नुसते टेकवून ठेवले आणि पहाटे थेट टर्मिनलवर मल्टिमीटरच्या पिना धरल्या, तर 12.56 व्होल्ट! साध्या मल्टिमीटरमध्येही इथे सात-आठ शतांशांची चूक संभवते, म्हणून एका स्नेह्याकडून कॅलिब्रेशन केलेले, म्हणजे प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिलेले मीटर आणले; त्याने 12.55 दाखवले. इंजिन सुरू केल्यावर त्या मीटरवर 14.20 आणि मोबाइलवर 14.02. यंत्र दोन्ही वेळा सुमारे पावणेदोन दशांश व्होल्ट कमीच सांगत होते.

ही तफावत किरकोळ वाटेल. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास निवांत असताना साधारण 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, निम्मी उतरली की 12.2च्या आसपास, म्हणजे अर्ध्या चार्जचा सारा हिशेब जेमतेम अर्ध्या व्होल्टमध्ये मावतो. मोबाइलवरची टक्केवारी बहुधा याच व्होल्टेजवरून बांधलेला अंदाज असते. चूक कायम तेवढीच राहत असेल तर ती मनात मिळवून यंत्र वापरता येते, आणि मी तेच करतो. सेल्फ मारतानाची घसरण मात्र साध्या मीटरवर ताडून पाहू नये, कारण पडद्यावर आकडा उमटेपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो.

विक्रेत्यांनी अचूकतेची मर्यादा खोक्यावर छापावी; माझ्या खोक्यावर ‘अत्यंत अचूक’ एवढेच आहे. आणि गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलायला सांगण्यापूर्वी लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून तिची ताकद पाहणारे उपकरण) लावावा, झाकणे उघडता येत असतील तर ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडची घनता, पाहावी आणि ते आकडे ग्राहकाला बिलावर लिहून द्यावेत, एवढीच विनंती.

– एक निवृत्त तंत्रज्ञ, इंदिरानगर, नाशिक