बोटीवरच्या डॉक्टर-कवीला मराठीत जागा द्या

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतले परदेशी साहित्यावरचे लेख मी न चुकता वाचतो. पण त्यांत डच लेखक क्वचितच भेटतात. म्हणून यान याकोब स्लाउअरहॉफ या कवी-कादंबरीकाराविषयी हे पत्र.

मी अनेक वर्षं व्यापारी बोटींवर रेडिओ ऑफिसर होतो. स्लाउअरहॉफची १९३२ सालची ‘निषिद्ध राज्य’ ही कादंबरी पॉल व्हिन्सेंट यांच्या इंग्रजी अनुवादात हाती आली, आणि तिचा एक नायक बोटीवरचा आयरिश वायरलेस ऑपरेटर निघाला! दुसरा नायक सोळाव्या शतकातला पोर्तुगीज कवी कामोइंश. मधली शतकं ओलांडून तो या ऑपरेटरच्या अंगात उतरतो. मला ते मुळीच खोटं वाटलं नाही. आमच्या रेडिओरूममधल्या घड्याळावर तीन-तीन मिनिटांचे दोन लाल पट्टे असत. काटा त्यावर आला की ५०० किलोहर्ट्‌झवर कुणी काही पाठवायचं नाही, नुसते कान लावून बसायचं. कुणी संकटात असेल तर त्याची हाक ऐकू यावी म्हणून. मध्यरात्री रेडिओच्या त्या खरखरीमध्ये कुणीतरी आहे, असं कितीदा तरी वाटून जायचं.

स्लाउअरहॉफ १८९८ साली नेदरलँड्समधल्या लेउवार्डनला जन्मला. लहानपणापासून दमा. ॲमस्टरडॅमला डॉक्टरकी शिकून तो जावा-चायना-जपान लाइनच्या बोटींवर डॉक्टर म्हणून गेला. क्षयाने आणि मलेरियाने पोखरला, तरी पाय जमिनीवर ठरला नाही. फक्त आपल्या कवितांतच मी राहू शकतो, दुसरीकडे कुठेच आसरा मिळाला नाही, असं त्याने ‘बेघर’ या कवितेत लिहिलंय. सहा-सहा महिने केबिनमध्ये काढलेल्या माणसाला ती ओळ समजावून सांगावी लागत नाही. १९३६ साली त्याचा खलाशाच्या समुद्रसमाधीवर नाव बेतलेला कवितासंग्रह आला. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, तो गेला; तोही समुद्रावर नव्हे, हिल्व्हरसममध्ये, रेडिओकेंद्रांच्या गावात.

आपला संबंध काय, असं कुणी विचारेल. कामोइंश १५५३ साली लिस्बनहून निघाला तो गोव्यासाठीच. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात त्याचा ब्राँझचा उंच पुतळा आहे. त्या कवीवरची इतकी विलक्षण कादंबरी गोव्यात, कोकणात मराठीतून वाचायला मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. डच जाणणाऱ्या कुणी ती थेट मूळ भाषेतून आणावी. तोवर आपण एवढं करावं: येत्या ५ ऑक्टोबरच्या आसपासच्या पुरवणीत ‘बेघर’चा मराठी अनुवाद छापावा.

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर, देवगड